ईएसआर उतरला तेव्हा

दादाच्या आजाराचं नाव 'अडल्ट ऑनसेट स्टिल्स डिसीज' (मोठेपणी होणारा, ताप आणि सांधेसूज आणणारा दाहाचा आजार) आहे हे कळेपर्यंत टायफॉइड, डेंग्यू, टीबी अशा सगळ्या तपासण्या होऊन गेल्या होत्या. रोज संध्याकाळी ताप १०३ च्या वर, सकाळी अंग गार. घसा दुखायचा, मनगटं सुजायची. एकदा ताप चढलेला असताना वहिनीने त्याच्या पाठीवर टॉर्च मारला तेव्हा फिकट गुलाबी पुरळ दिसलं. सावळ्या अंगावर ते नीट उमटत नाही, ताप उतरला की जातंही. डॉक्टर राउंडला येणार सकाळी, मग त्यांना दिसणार कसं? वहिनीने काढलेला फोटो फार कामाला आला. या आजारावर शिक्का मारणारी एकही तपासणी नाही. यामागुची या जपानी डॉक्टरांचे १९९२ चे निकष लावतात, तेही जंतुसंसर्ग, कॅन्सर आणि बाकीचे संधिवात नाहीत याची खात्री करूनच.

पण मी लिहायला बसले ते पुढच्यासाठी. स्टिरॉइड चालू असताना एक रिपोर्ट आला. ईएसआर (लाल पेशी खाली बसण्याचा वेग, अंगात दाह असला की वाढतो) ९८ वरून २२. पांढऱ्या पेशी १८,००० होत्या, त्या ४,००० च्या खाली. कोणालाही वाटावं, सुटलो. ताप मात्र आता दिवसभर उतरत नव्हता, प्लेटलेट्स घसरत होत्या आणि फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन, दाहात रक्तात वाढतं) १८,००० च्या पुढे गेलं होतं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "ताई, याला बरं वाटणं म्हणू नका. रक्तातलं फायब्रिनोजेन, म्हणजे रक्त गोठायला लागणारं प्रथिन, संपत चाललंय. ईएसआर त्याच्यामुळेच चढतो, म्हणून तो पडलाय."

मॅक्रोफेज अ‍ॅक्टिव्हेशन सिंड्रोम. शरीराच्या रक्षक पेशीच बेभान होऊन आपल्याच रक्तपेशी गिळू लागतात. यकृत बिघडतं, रक्त गोठेनासं होतं, वेळेत आवरलं नाही तर माणूस जातो. त्याच दिवशी सलाइनमधून स्टिरॉइडचे मोठे डोस सुरू झाले, मागोमाग प्रतिकारशक्ती आवरणारं सायक्लोस्पोरिन. हृदयाभोवती पाणीही झालं होतं, ते औषधांनीच ओसरलं.

काहींना हा आजार एकदाच येऊन जातो, काहींचा उलटत राहतो, काहींचे सांधे कायमचे धरतात. कुणाचं काय होईल हे सुरुवातीला सांगता येत नाही, आणि नातेवाइकांना हेच सगळ्यात जड जातं.

दादा आता टोसिलिझुमॅब या दाह दाबणाऱ्या औषधावर आहे. त्यात एक मेख आहे: आत आजार चालू असला तरी या औषधाने सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल दिसतो, तापही दबतो. त्यामुळे तब्येत जरा जरी बिघडली तरी आम्ही सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), फायब्रिनोजेन आणि लिव्हरची तपासणी एकदमच करून घेतो, आणि मागचे आकडे शेजारी लिहून मॅडमना पाठवतो.