तुटीच्या आकड्याची फोड

शिरोली एमआयडीसीतील एका फौंड्रीत मी खरेदी आणि निर्यातीची कागदपत्रे सांभाळतो. दर महिन्याच्या पंधरा तारखेच्या आसपास केंद्रीय वाणिज्य मंत्रालय आदल्या महिन्याच्या वस्तुव्यापाराचे आकडे जाहीर करते आणि दुसऱ्या दिवशी ‘व्यापार तूट वाढली’, म्हणजे आयात निर्यातीपेक्षा आणखी जास्त झाली, अशी बातमी आली, की आमचे मालक वर्तमानपत्राची घडी माझ्या टेबलावर आणून ठेवतात. डिसेंबर २०२४ मध्ये नोव्हेंबरची तूट सुमारे ३७.८ अब्ज डॉलर, म्हणजे तोवरचा उच्चांक, असे छापून आले. मालकांनी विचारले, “डॉलर चढणार काय? स्क्रॅप आत्ताच भरून ठेवायचं का?” मी दोन दिवसांत टिपण देतो म्हणालो.

पहिली चूक तिथेच झाली. मी नोव्हेंबरची तुलना ऑक्टोबरशी केली. वास्तविक आमच्याच कारखान्यात मार्चअखेर कंटेनर काढण्याची जी घाई असते, ती पाहणाऱ्याने लागोपाठचे महिने असे शेजारी ठेवायला नको होते. मग मागच्या वर्षीचा नोव्हेंबर घेतला, तर २०२३ ची दिवाळी नोव्हेंबरच्या मध्यावर होती आणि २०२४ ची ऑक्टोबरअखेर सुरू होऊन नोव्हेंबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच आटोपली होती. तेव्हा एका महिन्याचा नाद सोडून एप्रिलपासूनची बेरीज धरली.

त्यानंतर आयातीची फोड केली. कच्चे तेल वेगळे काढले. मात्र आपण शुद्ध केलेले इंधन निर्यातही करत असल्याने तेल दोन्ही बाजूंना असते, हे ध्यानात ठेवावे लागले. सोन्याचा आकडा मात्र डोळ्यांत भरण्यासारखा होता: एकट्या नोव्हेंबरात सुमारे १४.८ अब्ज डॉलर. जुलैच्या अर्थसंकल्पात सोन्यावरील आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले होते, त्यामुळे मला तो पटला आणि ‘ग्राहकांची मागणी जोरात आहे’ असे मी टिपणात लिहून मोकळा झालो. गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ पेठेत, आमच्या मामांचे सराफी दुकान आहे. त्यांना हा आकडा सांगितला, तेव्हा ते म्हणाले, “लग्नसराई आहे, पण एवढं सोनं गुजरीत तरी उतरलेलं नाही बाबा.” मी ते हसण्यावारी नेले, कारण एका पेठेवरून देशाचा अंदाज बांधू नये, हे मी कुठेतरी वाचले होते.

जानेवारीत सरकारने सोन्याचा तो आकडा दुरुस्त करून सुमारे ९.८ अब्ज डॉलरवर आणला. विशेष आर्थिक क्षेत्रांच्या नोंदी नव्या संगणक प्रणालीत नेताना काही आयात दोनदा मोजली गेली होती. मामा फुशारकी मारत नाहीत. चहा सांगून त्यांनी विषय बदलला. मी मालकांकडून टिपण परत मागून घेतले आणि ते वाक्य खोडले. तेव्हापासून माझ्या तक्त्यात प्रत्येक महिन्याला दोन रकाने आहेत, एक पहिल्या आकड्याचा आणि दुसरा सुधारित आकड्याचा.

डॉलरच्या प्रश्नाचे उत्तर वस्तूंच्या तक्त्यात पुरते मिळत नाही. सॉफ्टवेअरसारख्या सेवांची निर्यात आणि परदेशातून घरी येणारे पैसे या तुटीचा मोठा भाग भरून काढतात, आणि त्याचा हिशेब रिझर्व्ह बँकेच्या तिमाही आकडेवारीत, चालू खात्यात (वस्तू, सेवा आणि अशा पैशांच्या एकत्रित हिशेबात), दिसतो. मालकांना मी तेवढेच लिहून दिले, आणि स्क्रॅप नेहमीइतकेच आले.

तक्ता मागे नेताना एक ओळ अशी निघाली, की जिथे तूट नव्हतीच. जून २०२० मध्ये देशाकडे सुमारे ७९ कोटी डॉलरचे आधिक्य होते, अठरा वर्षांत प्रथमच. मालकांनी त्या ओळीवर बोट ठेवून “हा महिना चांगला गेला म्हणायचा की,” असे म्हटले. मी शेजारचा रकाना दाखवला: निर्यात घटलीच होती, पण आयात आदल्या वर्षीच्या जूनपेक्षा जवळपास निम्मी झाली होती. मग त्यांनाच आठवले, की त्या महिन्यात आमची भट्टी आठवड्यातून दोनच दिवस पेटत होती.