आमच्या जीपचा सेल्फ आणि माझा गाढवपणा

जुलैपासून मला एक सवय लागली होती. जीप कुठेही थांबवायची तर आधी उतार बघायचा. बामणोलीच्या वाटेवर उताराला तोटा नाही. चाकाखाली दगड लावायचा आणि निघताना सेकंड गियर टाकून क्लच सोडायचा. जुनं डिझेल इंजिन, डिझेलचा पंप मेकॅनिकल (विजेशिवाय चालणारा), त्यामुळे बॅटरी रुसली तरी ते धरतंच. सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, कधीमधी नुसता 'टक' करून गप्प बसायचा, पण उतार असल्यावर काळजी कसली?

सप्टेंबरात ताई आणि दाजी फुलं बघायला आले. कासला गेलो, तासाभराने परत आलो, चावी फिरवली. टक. उतार शोधायला खाली उतरलो तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की पठाराला पठार उगाच म्हणत नाहीत. पुण्याहून आलेल्या पाचसहा पोरांनी धक्का मारून दिला. चिखलात एकाचा बूट रुतून बसला.

"पावणं, बॅटरी गेली बघा," दाजी म्हणाले. मीही दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी घेऊन मोकळा झालो. खरं तर चावी फिरवल्यावर हेडलाइट फारसा मंदावत नव्हता, हे मी स्वतः पाहिलं होतं. बॅटरी उतरली असती तर दिवा पार पिवळा पडला असता आणि एका 'टक'ऐवजी टकटकटक असा पाठोपाठ आवाज आला असता. दिसत होतं, पण बघायचं नव्हतं.

नवी बॅटरी चार दिवस चालली. मग सेल्फच्या अंगावर पान्याने दोन टोले दिले की काम व्हायला लागलं. टोल्याने चालतो म्हणजे आतले कार्बन (फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश) झिजलेत किंवा सोलेनॉइडची (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचची) तांब्याची टोकं जळलीत, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून रविवारी सेल्फ उतरवला. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. हे विसरलात तर जाड वायर चॅसीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, टेकून दिवाळी होते. खालचा बोल्ट गंजला होता, त्याला डिझेल पाजून चहा पिऊन आलो तेव्हा कुठे सुटला. शेवटचा बोल्ट निघताना एक हात सेल्फखाली ठेवा. माझा थेट छातीवर आला.

वायरिंगवाल्या आबांनी टेबलावर उघडला. कार्बन निम्म्याहून कमी उरलेले, सोलेनॉइडचा एक कॉन्टॅक्ट काळाठिक्कर, दांडा ज्यात फिरतो तो पुढचा बुश ढिला. तिन्ही बदलले. कॉम्युटेटर, म्हणजे कार्बन जिथे घासतात तो तांब्याचा भाग, बारीक काचकागदाने पुसला. एमरी पेपर वापरत नाहीत, त्याचे कण वीज वाहून नेतात. बेंडिक्स, म्हणजे इंजिनच्या चक्रात गुंतणारं सेल्फचं गियर, चांगला होता. खाली ठेवून बॅटरी लावली तर असा गरगरला की आबांनी पायाखाली दाबून धरला.

जीपला बसवला आणि इंजिन तसंच कण्हत फिरलं. ऊंऽ... ऊंऽ... टक.

आबा स्वतः आले. माझ्याकडे मल्टीमीटर होता, डॅशबोर्डच्या कप्प्यात, डबासुद्धा न उघडलेला. ते म्हणाले, "आवो, मीटर घेतलाय तर लावा की. का देवाऱ्यात ठेवायचाय?"

बॅटरी १२.६ व्होल्ट. सेल्फ मारताना तिच्याच टोकांवर १०.८, म्हणजे ठीक. मग वाटेत किती व्होल्ट सांडतात ते बघायला, सेल्फ मारत असतानाच मीटरची एक काडी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर: ०.३. चालेल, अर्ध्या व्होल्टच्या आत आहे. आता निगेटिव्ह टोक आणि सेल्फची बॉडी: १.९! तिथे ०.२ च्या वर जाता कामा नये. म्हणजे जवळजवळ दोन व्होल्ट परतीच्या वाटेवरच सांडत होते. निगेटिव्ह ते चॅसी ०.१. चॅसी ते इंजिन १.८. सापडलं.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं. चॅसीशी त्याचं विजेचं नातं असतं ते एका विणलेल्या अर्थिंगच्या पट्टीपुरतं. गेल्या मे महिन्यात पावसाच्या आधी मी हौसेने चॅसी रंगवून घेतली होती. पट्टी काढून, खाली छान दोन हात रंग मारून, वर पुन्हा कसून बसवली होती. रंगवायला मीच सांगितलं होतं आणि बोल्टही मीच आवळला होता. रंगातून वीज कशी जाणार? बोल्टच्या आट्यांतून जेवढी जाईल तेवढ्यावर दोन महिने चाललं. पुढे पावसाने तिथे गंज धरला.

"हात लावा हितं," आबा म्हणाले. इंजिन बंद करायची ओढायची केबल. चटका बसला! पट्टीतून वाट मिळेना, म्हणून सेल्फचा करंट त्या बिचाऱ्या केबलमधून घरी जात होता.

खात्रीसाठी जंपर केबल बॅटरीच्या निगेटिव्हवरून थेट इंजिनला लावली. चावी फिरवताच भर्रकन चालू. मग रंग खरवडून लोखंड चकाकेपर्यंत घासलं, नवी पट्टी कसली, वरून ग्रीस फासलं. पुन्हा मोजलं: ०.१५. सेल्फचं काम वाया गेलं असं म्हणत नाही, कार्बन खरंच संपत आले होते. बॅटरीचे पैसे मात्र फुकट गेले. जुनी आता भावाच्या ट्रॅक्टरवर मजेत आहे.

ती बंद करायची केबल आतून वितळलीय, अर्ध्यातच अडकते. त्यामुळे सध्या जीप चावीसरशी सुरू होते, आणि बंद करायला बॉनेट उघडून पंपाचा लिव्हर हाताने ओढावा लागतो. नवी केबल सांगून ठेवलीय.