दोन फुटांची ओल सहा फुटांवर

नागपुरात स्थापत्य अभियंता म्हणून काम करताना माझ्या हातून झालेल्या चुकांपैकी एक चूक मी अजून टेबलावर ठेवली आहे. तो सिमेंटच्या गिलाव्याचा तळहाताएवढा तुकडा आहे आणि त्याच्या मागच्या अंगाला विटेची लाल साल चिकटलेली आहे.

हा तुकडा शहरातल्या महाल भागातील एका जुन्या वाड्याचा. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मालकांचा निरोप आला आणि मी सकाळीच तेथे पोहोचलो. दोन वर्षांपूर्वी, ऐन ऑगस्टमध्ये, माझ्याच सांगण्यावरून देवघराच्या भिंतीवरचा जुना चुन्याचा गिलावा उकरून तेथे १:४ प्रमाणाचा, म्हणजे एक भाग सिमेंटला चार भाग रेतीचा, गिलावा झाला होता. त्या वेळी भिंत जमिनीपासून दोन फुटांपर्यंत ओलसर असे. आता ओलीची रेषा सहा फुटांच्याही वर गेलेली दिसत होती. मी हातोडीच्या दांड्याने भिंतीवर ठोकले, तेव्हा बहुतेक ठिकाणी पोकळ आवाज आला. चौथ्या की पाचव्या ठोक्याला दाराच्या फळीएवढा पापुद्रा सुटला आणि माझ्या पायाशी येऊन फुटला. मागे उघड्या पडलेल्या विटांवर मिठाच्या बारीक सुया उगवल्यासारखा पांढरा लोणा होता आणि बोट लावताच विटेची भुकटी गळत होती.

मालक संकोचाने गप्प होते, त्यांच्या आई मात्र म्हणाल्या, "सिमिट लावलं तवापासून भित ओली राह्यते, भाऊ. आंधी असं नोतं."

मी सोबत नेलेले वयस्कर मिस्त्री खाली बसून दरजा खरवडत होते. दोन विटांमधला जुना माल नखाने निघत होता. फिकट गुलाबी, मऊ, मधूनमधून चुन्याचे पांढरे कण असलेला. त्यांनी मान वर न करताच सांगितले, "साहेब, इटीपेक्षा मसाला वरचढ झाला. आता इट फुटन, मसाला नाही फुटत."

महाविद्यालयात शिकलेले सारे त्या एका वाक्यात होते आणि ते मला ऐन वेळी आठवले नव्हते. या भिंतीला पायात ओलावरोधक थर नाही. बाहेरचा रस्ता वर्षानुवर्षे थरावर थर चढून जोत्याच्या बरोबरीला आला आहे. त्यामुळे जमिनीतले पाणी क्षार घेऊन भिंतीत चढणारच. पूर्वी ते सच्छिद्र चुन्यातून हवेत निघून जाई आणि क्षार चुन्यातच साचत. चुना झडे, वीट वाचे. सिमेंटच्या घट्ट गिलाव्याने ती वाट बंद केली, तेव्हा पाणी वाट शोधत वर चढले आणि क्षारांचे स्फटिक गिलाव्याच्या मागे, विटेच्या तोंडावर वाढू लागले. स्फटिक वाढताना जोर लावतात. गिलावा घट्ट होता, म्हणून मऊ विटेची साल सुटली.

त्यात माझ्या देखरेखीची आणखी एक उणीव होती. ऑगस्टमधली रेती भिजलेली असते आणि पाच-सहा टक्के ओलाव्याला बारीक रेती फुगून तिचे आकारमान २५ ते ३० टक्क्यांनी वाढू शकते. आम्ही फर्म्याने, म्हणजे मापाच्या पेटीने, चार भाग मोजले, पण फुगवट्याची वजावट केली नाही, म्हणजे प्रत्यक्षात तीन भागांच्या आसपासच रेती पडली. १:३ चा माल जास्त आकसतो व जास्त कडक होतो. कमी सिमेंट घातल्याची तक्रार घरमालक लगेच करतात. जास्त पडल्याची तक्रार कोणी करत नाही, म्हणून ही चूक लपून राहते.

यात सिमेंटचा दोष नाही. याच वाड्याच्या मागे नवे न्हाणीघर बांधले, तेव्हा नऊ इंची भिंतीला मी १:६ आणि साडेचार इंची आडभिंतीला १:४ चाच माल वापरला आणि तो योग्यच होता. त्या नव्या विटा पक्क्या आहेत आणि पायात ओलावरोधक थर आहे. पाणी घातलेला माल दोन तासांच्या आत संपवायचा, घट्ट होऊ लागला म्हणून पुन्हा पाणी ओतून कालवायचा नाही, आणि सात दिवस तरी पाणी मारायचे, एवढी शिस्त तेथे पुरली.

देवघराचा गिलावा आम्ही पूर्ण उकरला आणि भिंत नोव्हेंबरअखेरपर्यंत उघडी ठेवली. दर काही दिवसांनी कोरड्या कुंचल्याने लोणा झाडायचा, पाण्याने धुवायचा नाही, एवढेच काम होते. दरम्यान कळीचा चुना कुंडात विरवून तो लोण्यासारखा होईपर्यंत मुरवला, गाळून घेतला आणि एक भाग चुना, एक भाग सुरखी (भाजलेल्या विटांची भुकटी), एक भाग रेती असा माल चुना मळायच्या घाण्यात मळून घेतला. सुरखी आग्रहाने घातली, कारण नुसता चुना हवेतला कर्बवायू शोषूनच घट्ट होतो आणि ओल्या जाड भिंतीत तो आतून कच्चा राहतो. सुरखी असली की ओलाव्यातही तो धरतो. मिस्त्रींनी गुळाचे आणि बेलफळाचे पाणीही टाकले. त्यावर मी हो-नाही काही म्हटले नाही. काम डिसेंबरमध्ये घेतले, कारण मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि चुना घट्ट होण्याआधीच वाळून भुसभुशीत होतो. प्रत्येक थर पातळ दिला आणि त्यावर ओली पोती टांगली. बांधकामाच्या घाईला सरावलेल्या मालकांना ही संथ गती शेवटपर्यंत पटली नाही.

पुढच्या पावसाळ्यात मी पुन्हा गेलो. ओल गुडघ्याच्या थोडी वर थांबली होती आणि त्या पट्ट्यात चुन्याची पांढरी भुकटी जमिनीवर पडत होती. आजी ती रोज झाडून काढतात. तेवढा पट्टा दर दोन-तीन वर्षांनी खरवडून पुन्हा चुन्यानेच भरावा लागेल, असे मी मालकांना लिहून दिले आणि त्या ओळीखाली आजींनी माझ्याकडून आणखी एक ओळ लिहवून घेतली : सिमेंट लावू नये.