कळसाच्या पोटातला फर्मा

आमच्या गोव्यातल्या कुंडईच्या शेडमध्ये सध्या तांब्याच्या कळसाचं काम चालू आहे. ऑर्डर एका देवस्थानची. महाजनांपैकी, म्हणजे देवस्थानचा कारभार पाहणाऱ्यांपैकी, एक काका अधूनमधून स्कूटरवरून येतात, लेथपासून चार हात लांब उभे राहतात आणि विचारतात, "चूर कुठे पडतो रे?"

पडतच नाही, काका. हे मेटल स्पिनिंग; इथे धातू कापायचा नसतो, सरकवायचा असतो. लेथवर फिरणाऱ्या फर्म्यावर, म्हणजे साच्यावर, तांब्याचं सर्कल (गोल कापलेला पत्रा) दाबून धरायचं आणि लांब दांड्याचं हत्यार काखेत घट्ट धरून, अंगाचा भार देत पत्रा फर्म्यावर निजवत न्यायचा. मधूनमधून मेण लावायचं. काही ठिकाणी जनावराची चरबी वापरतात. देवाच्या कामाला नको.

खरा उपद्रव कडेचा. व्यास कमी होत जातो, मग जास्तीचा पत्रा जाणार कुठे? घाई केली की सुरकुत्या. एकदा घडी बसली की सर्कल भंगारात. म्हणून दुसऱ्या हाताने मागून लाकडी दांडकं टेकवून ठेवतो; पुढून हत्यार, मागून लाकूड, मधे कडा.

तांबं ताण खाऊन कडक होतं. ते हाताला आधी कळतं, मग लालसर तापवून पुन्हा नरम करायचं. ॲल्युमिनियम मात्र लबाड, लाल व्हायच्या आधीच वितळतं. तापवण्याआधी त्याच्यावर साबणाची वडी घासायची. साबण काळा पडला की ज्योत बाजूला.

कळसाचं पोट मोठं, गळा बारीक. "फर्मा आत अडकणार की!" काका म्हणाले. अडकला असता, पण तो अखंड नसतोच. लाकडाच्या फाका मधल्या खुंटीभोवती बसवलेल्या. खुंटी आधी ओढायची, मग एकेक फाक आत सरकवून गळ्यातून काढायची. तो खेळ काकांनी दोनदा करून बघितला.

हाताच्या कामाचं उगाच कौतुक मला नको. शंभर सारखे टोप हवे असतील तर सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवरच करा. पण दोन कळसांसाठी प्रेसचा डाय कोण बनवणार?

शेंडा मात्र रोलरच्या मशीनवर, शिअर स्पिनिंगने, म्हणजे पत्रा ताणून पातळ करत. तिथे भिंत पातळ होते: शंकूची बाजू अक्षाशी 30 अंशांत असेल तर 2 मिमीच्या पत्र्याची 1 मिमीच उरते. काकांना ते पटेना, "पावसात टिकेल काय?" टिकेल हो. तरी त्यांच्या समाधानासाठी 3 मिमीचं सर्कल मागवलंय.