फोडणी बंद, टोस्ट चालू

"अगं, फोडणीसुद्धा बंद केलीय मी. मग हे आलं कुठून?"

शेजारच्या मावशी रिपोर्ट हातात धरून दारात उभ्या. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, २८०; उपाशीपोटी साखर ११८. दोन्ही वाढलेले.

खाता काय, विचारलं. सकाळी चहात बुडवून चार टोस्ट, दोन्ही वेळा भात, भाजी नुसती उकडलेली.

रक्तातली ही चरबी फक्त तेलातून येत नाही. जास्तीची साखर, मैदा, भात यांपासून आपलं यकृतच ती तयार करतं. एवढं साधं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, याचा फार त्रास झाला.

आणि सगळंच तेल वैरी नसतं हो! २०१७ साली १० देशांतल्या ३९,७४० लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. ज्यांच्या रक्तात लिनोलेइक आम्ल (काही तेलांत असणारा चरबीचा एक घटक) जास्त, त्यांच्यात पुढे टाइप २ मधुमेह कमी आढळला. त्याने मधुमेह टळतोच, हे यातून सिद्ध होत नाही. पण हे आम्ल भरपूर असतं ते आपल्या सोलापूर-मराठवाड्याकडच्या करडईच्या तेलात.

उद्या मावशींसोबत डॉक्टरांकडे जातेय. तुमच्या घरी साखर वाढली की आधी काय बंद होतं, तेल की टोस्ट?