शेततळ्याला प्लास्टिक घालताना आलेला माझा अनुभव

आधी एकच सांगतो, शेततळ्याला प्लास्टिक घालायचं असेल तर दुकानदाराकडे जायच्या आधी सर्व्हेचा नकाशा उघडून बघा. मी बघितला नाही आणि साडेतीन महिने फुकट घालवले.

आमची जागा गोव्यात, सत्तरी तालुक्यात, भरड. पावसात चिखल तुडवत फिरायचं आणि संक्रांतीच्या आत तळ्याचा तळ दिसायचा, अळसांद्यांना (चवळीला) पाणी नाही. तळं १५ बाय १५ मीटर, ३ मीटर खोल. सगळे म्हणायचे ऊन खातं पाणी. दिवाळी झाल्यावर मी एक बादली पाण्याने भरून तळ्यातच गळ्यापर्यंत बुडवून ठेवली, आत रंगाची खूण केली, तळ्यात एक काठी रोवली. सात दिवसांनी बादलीतलं पाणी ४ सेंटीमीटर उतरलं होतं, तळ्यातलं ३१. म्हणजे उन्हाचे ४ आणि बाकीचे २७ जांभ्याच्या पोटात. तेव्हा तळं अर्धं होतं, त्या हिशोबाने आठवड्याला ३८-३९ हजार लिटर जमिनीत! आठवडाभर पाऊस नसेल तेव्हाच हे करा, आणि गुरं बादलीपासून लांब ठेवा.

म्हणून प्लास्टिक घालायचं ठरवलं, मग त्याच्या सबसिडीची फाईल. ऑफिस कुठलं ते सांगत नाही. पहिल्यांदा एक-चौदाचा उतारा (आमचा गोव्याचा सातबारा) जुना म्हणून परत, ते ठीक, नवा ऑनलाइन मिळतो. दुसऱ्यांदा गेलो तर म्हणे उताऱ्यावर आज्याचं नाव आहे, सगळ्या वारसांची संमती आणा. आत्यांच्या सह्या घेतल्या, मुंबईच्या काकांची घ्यायला एक दिवस गेला. राहिली पोर्तुगालची चुलत बहीण. तिने सही करून फोटो पाठवला तर चालत नाही, तिथल्या आपल्या दूतावासाचा शिक्का पाहिजे. ती बिचारी फॅक्टरीत शिफ्टवर, लिस्बनला जायला तिला सुट्टी कोण देणार? मी दर सोमवारी जाऊन विचारायचो, दुसरा काही मार्ग आहे का, आणि टेबलावरचे साहेब कॅलेंडरकडे बघत "फाल्यां येयात", म्हणजे उद्या या, म्हणायचे. शिगमा झाला, काजू पडायला लागले तरी माझं आपलं फाल्यांच. एकदा तर फाईलच सापडेना, शेवटी पंख्याचा वारा लागू नये म्हणून दुसऱ्या फायलींवर वजन म्हणून ठेवलेली मिळाली.

शेवटी एप्रिलमध्ये शेजारच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने सहज विचारलं, तळं नक्की सर्व्हे नंबरच्या कुठल्या सब डिव्हिजनमध्ये, म्हणजे पोटहिश्श्यात? घरी येऊन नकाशा काढला, बांधापासून टेप लावली, तर तळं मी अर्जात लिहिलेल्या २ मध्ये नाहीच, अख्खं ३ मध्ये. आणि ३ फक्त बाबांच्या नावावर! चुकीचा नंबर मीच लिहिला होता, मान्य. पण एवढ्या महिन्यांत एकानेही नकाशा उघडला नाही ह्याचा राग अजून जात नाही. नवा अर्ज केला, आठ दिवसांत सही.

पुढचं काम पटकन झालं. ५०० मायक्रॉनची फिल्म घेतली. दुकानदाराने कोटेशन २२५ चौरस मीटरचं दिलं होतं, म्हणजे तोंडाचंच माप! उतार १ ला १ धरला तर तळ नऊ मीटर उरतो, दोन्हीकडची तिरकी बाजू सव्वाचार-सव्वाचार मीटर भरते, वर काठावरच्या चरात दाबायला एकेक मीटर, म्हणजे एका बाजूला साडेएकोणीस मीटर, सगळी मिळून ३८० चौरस मीटर. हे मोजलं नसतं तर अर्धं तळं उघडं राहिलं असतं.

जांभ्याचे खडे वेचून, मुळं छाटून, चाळलेल्या मातीचा थर दिला. फिल्मवर अनवाणीच फिरा. आणि गोव्यातल्यांसाठी खास, रिकामं तळं पावसात सोडू नका. खालून जमिनीचं पाणी चढतं आणि फिल्म पुरीसारखी फुगते. मी मेच्या शेवटी विहिरीचं पाणी गुडघाभर सोडून ठेवलं. हो, पावसाचं पाणी आत येतं तिथे गाळ बसायला एक खड्डाही करा, मी तो नंतर केला तेव्हा गाळ आत गेला होता.

आता उन्हाचंच पाणी जातं, दिवसाला पाच-सहा मिलीमीटर. शेडनेट १५ मीटर रुंदीवर झोळीसारखी लोंबते, म्हणून तो नाद सोडला, वाऱ्याच्या बाजूला गिरिपुष्प लावलंय.

गणेश चवथीला पोर्तुगालच्या बहिणीचं कुरिअर आलं. लिस्बनचा शिक्का, सही, सगळं व्यवस्थित.