फक्की, सुतळी आणि पायथागोरस

आपल्या शाळेच्या व्हरांड्यात शिरलं की डाव्या हाताला दहावीत पहिल्या आलेल्यांचा फलक लागतो. ढाली आणि करंडक मात्र प्रयोगशाळेशेजारच्या कपाटात, आणि त्याची काच पुसायला कुणाला सवड नाही. या अमृतमहोत्सवी स्मरणिकेतही ‘गुणवत्तेची परंपरा’ आणि ‘क्रीडा परंपरा’ असे दोन वेगळे लेख असणार, हे मी धरून चालले आहे. आमच्या वेळी अशी वाटणी नव्हती. गणिताच्या बाई आणि पीटीचे सर एकमेकांना सामील होते आणि त्यांच्या तावडीतून सुटायची सोय नव्हती.

ऐंशीच्या दशकातलं सोलापूर भोंग्यावर उठायचं. लक्ष्मी-विष्णू मिल चालू होती, माझे वडील तिथेच होते. पूर्व भागात गल्लीगल्लीत माग खडखडायचे. वर्गातल्या कितीतरी मुली घरी तेलुगू बोलायच्या, काही कन्नड. मधल्या सुट्टीत डबे उघडले की भाषा कुठलीही असो, शेंगाचटणी सगळ्यांकडे असायची. इंग्रजी तेव्हा पाचवीपासून सुरू व्हायचं. त्यामुळे ज्यांना मराठीच अजून नीट तोंडी बसली नव्हती, त्यांच्यापुढे आणखी एक भाषा येऊन उभी राहायची. अशी मुलगी इतिहासाच्या तासाला मान खाली घालून बसायची. गणितात आणि खो-खोत मात्र तिला कुणी अडवत नसे.

मुलगी सातवी-आठवीत गेली की घरात वेगळाच हिशेब सुरू व्हायचा. विड्यांची मजुरी हजारावर. आईच्या जोडीला मुलगी बसली तर हजार लवकर भरतात, मग शाळा कशाला? माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचे हात मी तासन् तास पाहिले आहेत. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं. पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं पान कापायचं, चिमूट तंबाखू पसरायची, वळायचं, टोक नखानं दाबून दुमडायचं आणि दोऱ्याचा वेढा. हे सगळं माझ्याशी बोलता बोलता, खाली न बघता. आठवीत दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत आलीच नाही.

पीटीचे सर तिच्या घरी गेले. शिक्षणाचं महत्त्व वगैरे काही सांगितलं नाही त्यांनी, सरळ वेळेचा सौदा केला. ‘सकाळी साडेसहाला सराव, आठला पोरगी घरी. शाळा सुटली की विड्या मोजून द्यायला तुमची मोकळीच हाय की! शाळेत तेवढी धाडा.’ वर ‘संघात एक कमी पडतीय’ अशी थापही मारली. कमी कुठली पडत होती, बाकावर राखीव मुली बसून होत्या! पण तिच्या आईला पटलं. अशा किती घरांचे उंबरे सरांनी झिजवले, ते त्यांनाच ठाऊक. आठवी-नववीतला मुलींचा पट टिकला तो या संघामुळे, असं माझं ठाम मत आहे. हजेरीपुस्तक खरं तर मैदानावरच भरायचं.

आणि काय खेळायची ती! बसतीला, म्हणजे आमची पाठलागाची पाळी असली की, तिची जागा खांबापासून दुसरी. खो-खोत नऊपैकी आठ जणी मध्यपाटीवर, म्हणजे दोन खांबांमधल्या पट्ट्यावर, एकीआड एक उलट तोंडानं बसतात; खो मिळून उठलेलीला मध्यपाटी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा धरली की मागेही फिरता येत नाही. पळणारीला या दोन्ही सवलती असतात. म्हणून बसती ही ताकदीपेक्षा अंदाजाची गोष्ट. ही उठायची तीच पळतीच्या पुढच्या पावलावर, आणि खांबाला गिरकी घ्यायच्या आत तिला टिपायची.

आता सुतळीबद्दल. स्पर्धेआधी मैदान आखायचं काम आमचंच असायचं. एकदा आमच्या चौकोनाचे कोपरे तिरके येत होते, सर वैतागले होते. गणिताच्या बाई सुतळीचं बंडल घेऊन पदर खोचून मैदानात आल्या. सुतळीला ओळीनं तीन, चार आणि पाच मीटरचे भाग पडतील अशा गाठी मारल्या, शेवटच्या गाठीत दोन्ही टोकं जोडली, तीन मुलींना तीन गाठी धरायला लावल्या आणि म्हणाल्या, ‘ताणा.’ सुतळी ताणली तसा तीन आणि चारच्या मधला कोपरा काटकोनात बसला. त्यावर फक्की पडली आणि रेघ सरळ गेली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास. ‘काल हेच केलं ना गं?’ एवढंच त्या म्हणाल्या. ज्या मुलीला ‘व्यत्यास’ हा शब्द उच्चारता येत नव्हता तिनं त्या दिवशी फळ्याशी जाऊन सिद्धता लिहिली. त्यानंतर बाईंचा नियम झाला: आदल्या दिवशीचा रायडर, म्हणजे प्रमेयावरचं उदाहरण, सुटला नसेल तर सकाळी सराव नाही. सरांनीही तो पाळला, अगदी स्पर्धेच्या आठवड्यातसुद्धा.

12 जानेवारीला प्रभातफेरी चार पुतळ्यांपर्यंत जायची. धनशेट्टी, सारडा, कुर्बान हुसेन आणि शिंदे यांना 1931 साली याच तारखेला येरवड्यात फाशी झाली; त्याआधी मे 1930 मधला मार्शल लॉ आमच्या आजोबांच्या पिढीनं पाहिलेला. इतिहासाचे सर हे सारं तिथे उभं राहून सांगायचे. सगळ्यांचं लक्ष मात्र होम मैदानावर उभ्या राहणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्यांकडे, हेही खरं.

मुलांच्या कबड्डीबद्दल इतर लिहितीलच, कारण ते अजून त्यावरच बोलतात.

आम्ही राज्यापर्यंत कधी पोचलो नाही. ग्रामीण भागातल्या मुली आम्हाला पार्क मैदानावर येऊन झोपवायच्या. आज खो-खोत वेळापूर, वाडीकुरोली या गावांची नावं ऐकते तेव्हा नवल वाटत नाही. पण संघातली प्रत्येक मुलगी दहावीला बसली. दोघी राहिल्या, ऑक्टोबरला पुन्हा बसल्या आणि सुटल्या. खेळाचे वाढीव गुण वगैरे आमच्या कानावरही नव्हतं. हल्ली पालक आधी तेच विचारतात. माझी मैत्रीण डी.एड. करून शिक्षिका झाली आणि भूमिती शिकवताना वर्ग बाहेर काढते.

2025 च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रियांका इंगळेच्या भारतीय महिला संघानं अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं, तो आम्ही दोघींनी फोन चालू ठेवून आपापल्या घरी पाहिला. आता हा खेळ मॅटवर आला आहे. गुडघे सोलवटत नाहीत, बरं आहे.

महोत्सव समितीनं नव्या वर्गखोल्यांचा नकाशा पाठवला आहे. खोल्या हव्यातच. पण नकाशाप्रमाणे मैदानाची वडाकडची बाजू जाते. मोठ्या गटाच्या खो-खो मैदानाला 27 मीटर लांबी आणि 16 मीटर रुंदी लागते, शिवाय भोवती मोकळी जागा. मी टेप लावून पाहिलं, उरलेल्या जागेत ते बसत नाही. खोल्या सायकलस्टँडच्या अंगाला सरकवल्या तर बसतं. तसं होणार असेल तर दोन नवे खांब आणि वर्षभराची फक्की माझ्या नावावर लिहून घ्यावी. पुढच्या बैठकीला मी येते आहे, टेप घेऊन.